चकचकीत शॅकल

डेस ट्रेगिअरवर माझा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. बोलताना तुमच्या तोंडाकडे न बघता तुमच्या गाडीच्या मागच्या बाजूला बघणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवेल? मी चालवते त्या कॅरॅव्हॅन पार्कात, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरांच्या तळावर, चौदा नंबरच्या जागेत तो अकरा वर्षं राहत होता. त्याआधी तीस वर्षं गहू जहाजांवर चढवायच्या धक्क्यावर साखळ्यांनी माल उचलायचं काम. त्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्या तीन बोटांनी तो येणाऱ्या प्रत्येकाच्या साखळ्या चाचपायचा.

जोड निसटलाच तर कॅरॅव्हॅन गाडीला धरून ठेवतात त्या दोन साखळ्या, आणि त्या गाडीला अडकवणारे, आडवी खीळ पिळून बंद होणारे धातूचे कडे, म्हणजे शॅकल. साखळ्या जोडाच्या दांड्याखाली एकमेकींना छेदून लावल्यात का, जमिनीला घासतायत का, हे तो वाकून वाकून बघायचा. पाहुणे वैतागायचे. मी म्हणायची, म्हातारा आहे, दुर्लक्ष करा. मनात मात्र म्हणायची, हा नुसता बघत नाही, हेरून ठेवतो.

माझा संशय खरा ठरला तेव्हा मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शनिवारी दुपारी ग्लेन नावाचा एक आडदांड गडी ऑफिसात आला. व्हाइटिंग मासे पकडायला समुद्रावर गेलो होतो, परत येऊन बघतो तर माझे चकचकीत स्टेनलेसचे शॅकल गायब आणि जागी कुणीतरी करडे, खडबडीत लावलेत, अशी त्याची तक्रार. महिन्यातली ही तिसरी. चांगला माल काढून घ्यायचा आणि डबडं लावून ठेवायचं, ही युक्ती धक्क्यावरच्या माणसालाच सुचणार. मी तिथल्या तिथे कागद काढला आणि लिहिलं, चौदा नंबर शुक्रवारपर्यंत रिकामा करावा. डेस शहात्तर वर्षांचा. त्याच्या कॅरॅव्हॅनला चाकंसुद्धा उरली नव्हती आणि दूर डार्विन शहरात असलेला मुलगा नाताळलाही फोन करत नसे. हे सगळं मला माहीत होतं. तरी लिहिलं.

तो कॅरॅव्हॅनपुढच्या कापडी मंडपाखाली मासे तळत होता. शॅकल कुठे आहेत विचारल्यावर त्याने गॅस बारीक केला, पलंगाखालचा बिस्किटांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. लपवाछपवी नाही, लाज नाही. डबा चकचकीत शॅकलनी काठोकाठ भरलेला.

“शिक्का शोध,” तो म्हणाला.

मी चार-पाच उलटून पाहिले. आरशासारखे गुळगुळीत, कशावरही काही कोरलेलं नाही.

“होडीवरचे आहेत हे. किती वजन पेलतील ते कुणालाच ठाऊक नाही. मी लावलेल्यांवर आकडा आहे, किती टन ते. कायद्याला तोच लागतो. आपल्या किनाऱ्यावरचे लोक गंजाला घाबरतात आणि होडीचं काढून गाडीला लावतात.”

“मग लोकांना तोंडाने सांगायला काय होतं तुला?”

“सांगतो की. सगळे म्हणतात, चालतंय रे. आणि पोरंबाळं घालून निघतात.”

मला त्यातलं अक्षरही पटलं नाही. पकडलेला चोर काहीही बोलतो. मी डबा टेबलावर पालथा केला, ज्याचे त्याला परत द्यायचे म्हणून. त्या ढिगात एका शॅकलच्या खिळीला निळा मासेमारीचा दोरा बांधलेला होता. तीन वेढे, वर टोक लायटरने जाळून बसवलेलं. खीळ ढिली होऊ नये म्हणून माझा नवरा रॉस तशी गाठ मारायचा. दुसरं कुणी मारत नाही. रॉस जाऊन दोन वर्षं झाली, आणि ईस्टरला आमची तीच कॅरॅव्हॅन घेऊन माझी मुलगी केरी तिच्या दोन्ही मुलांसह नलारबॉरचं ओसाड मैदान ओलांडून पश्चिमेला गेली होती. तिथे तीन डब्यांचे ट्रक शेजारून जातात तेव्हा कॅरॅव्हॅन गदागदा हलते.

मी त्याच्या खुर्चीत बसले.

“हा कधी काढलास?”

“केरी निघाली त्याच्या आदल्या दुपारी.”

“मला का नाही सांगितलंस, डेस?”

त्याने मासा उलटला. “दोनदा सांगितलं होतं. तू म्हणालीस, चालतंय रे.”

मला आठवलं. मी फोनवर होते आणि त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं. फक्त तो टळावा म्हणून म्हटलं होतं.

जागा रिकामी करायच्या त्या कागदाचा मी खिशातच चोळामोळा केला. फाटकाबाहेर ग्लेन कॅरॅव्हॅन जोडून, इंजिन चालू करून थांबला होता. माझे मिळाले का, त्याने काच खाली करून विचारलं. मिळाले, पण ते होडीवरचे आहेत, शिक्का नाही, आता लावलेलेच राहू द्या, असं मी सांगितलं. तो हसला आणि खिडकीतून हात पुढे केला.

“द्या इकडे. वीस वर्षं वापरतोय. चालतंय हो.”

“नाही चालत,” मी म्हटलं, त्याचे शॅकल खिशातच ठेवले आणि फाटक लावून घेतलं.