डव्हीच्या दरीतला उतार

आमची सायकल दोन सीटची होती. टँडेम म्हणतात तिला. नवऱ्याच्या हॉस्पिटलमधला एक सर्जन रिटायर होऊन स्पेनला निघाला, तेव्हा ती आमच्याकडे आली. पुढे नवरा, मागे मी. हँडल, गियर, दोन्ही चाकांचे ब्रेक, सगळं त्याच्या हातात. मागे मला धरायला नुसतं न फिरणारं हँडल आणि समोर त्याची पाठ. माझ्या ताब्यात एकच गोष्ट होती, मागच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेला तिसरा ब्रेक. दोन माणसांचं वजन घेऊन मोठा उतार उतरताना नेहमीच्या ब्रेकने चाकाच्या कडा तापतात, कधी ट्यूब फुटते. म्हणून हा जादा ब्रेक. त्याने ‘ओढ’ म्हटलं की मी ओढायचा, ‘सोड’ म्हटलं की सोडायचा. मी आपल्या मनाने ओढला तर त्याचा तोल जातो, असं त्याचं म्हणणं. चार वर्षं मी तो नियम पाळला.

एकोणनव्वद सालच्या मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला आम्ही मँचेस्टरहून वेल्सला गेलो, तेव्हा आमच्यात बोलणं जवळजवळ बंद होतं. आठ दिवसांपूर्वी एका मराठी डॉक्टरांच्या घरी जेवायला गेलो होतो. हातात पुलावाची प्लेट घेऊन त्या घरच्या वहिनी मला म्हणाल्या, “काँग्रॅच्युलेशन्स! स्कॉटलंडला चाललात म्हणे. थंडी फार हं तिकडे.”

मी हसून “हो ना” म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

गाडीत बसल्यावर विचारलं. नवरा भूलतज्ज्ञ. उत्तर स्कॉटलंडमधल्या एका लहान हॉस्पिटलात त्याला कन्सल्टंटची, म्हणजे सगळ्यात वरची कायम पोस्ट मिळाली होती आणि त्याने होकारही कळवला होता.

“इंटरव्ह्यूला गेलास ते सांगितलं नाहीस.”

“मिळेल असं वाटलं नव्हतं.”

“आणि मिळाल्यावर?”

रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “तू नाही म्हणाली असतीस.”

मी दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होते. तीन वर्षं धडपडून नुकतीच सीनियर झाले होते. त्या स्कॉटलंडच्या गावापासून माझ्या कामाची लॅब साठ मैलांवर होती. त्यानंतर आठ दिवस आम्ही दूध संपलंय आणि फोन आला होता एवढंच बोललो. बाला गावातली खोली फेब्रुवारीतच ठरवून ठेवलेली होती. जायला नको असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही, म्हणून गेलो.

बालाहून दक्षिणेला एक रस्ता डोंगर चढून पलीकडे डव्ही नदीच्या दरीत उतरतो. चढ मोठा होता. पण चढताना बोलायची गरज नसते, म्हणून मला तो बरा वाटला. समोर त्याची घामाने भिजलेली पाठ, दोन्ही बाजूंना मेंढ्या, आणि पायांचा एकच ठेका. टँडेमवर दोघांच्या पॅडलना जोडणारी एक साखळी असते. रागावलं म्हणून पाय वेगळे फिरवता येत नाहीत.

माथ्यावर वारा असा होता, की उभं राहायला सायकलचा आधार घ्यावा लागत होता. खाली दरी दिसली. उजवीकडे कडा सरळ खाली तुटलेला, तळाशी पाण्याची बारीक रेघ. रस्ता एकाच गाडीपुरता, आणि कठडा नाही. चारात एक उतार, म्हणजे चार फुटांना एक फूट खाली, असं पाटीवर लिहिलेलं.

“आपण चालत उतरू या का?” मी विचारलं. त्या दिवसातलं माझं पहिलं पूर्ण वाक्य ते.

“एवढं काय त्यात? तुझा ब्रेक सुरुवातीपासून ओढू नकोस, तापेल. खालचा टप्पा जास्त वाईट आहे. मी सांगेन.”

मी मागे बसले.

पहिली काही वळणं ठीक गेली. तो ब्रेक दाबायचा, सोडायचा, दाबायचा. मग मला जळक्या रबराचा वास यायला लागला. त्याच्या खांद्याआडून मला रस्त्याचा जेमतेम एक तुकडा दिसत होता. तो तुकडा फार भरभर बदलायला लागला. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. मी माझ्या ब्रेकच्या मुठीवर बोटं ठेवून वाट बघत होते. तो काही सांगेना.

तेवढ्यात टणकन आवाज झाला आणि त्याचा उजवा कोपर एकदम पुढे गेला. त्याच्या उजव्या हातातली ब्रेकची मूठ हँडलला जाऊन टेकली होती, सैल. पुढच्या ब्रेकची केबल तुटली होती. मला ते कळलं, त्यालाही कळलं, पण ‘ओढ’ काही त्याने म्हटलं नाही. त्याच्या मानेवरच्या शिरा मला दिसत होत्या. सायकलने जोर धरला.

मी ब्रेक ओढला. विचारलं नाही, सांगितलं नाही. दोन्ही हातांनी ओढला.

मागचं चाक थरथरलं, थोडं बाजूला सरकलं. “सोड!” तो ओरडला. “सोड, सोड! चाक घसरतंय!”

मी सोडला नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की उजवीकडे काही नाहीये. दरी आहे. आणि सोडला तर आता आपल्याला थांबवणारं काही उरलेलं नाही. वेग कमी होत होता, पण फार सावकाश. माझे पंजे दुखायला लागले. ब्रेकमधून घासल्याचा एक किरटा आवाज येत होता आणि तो हळूहळू मऊ पडत चालला होता. म्हणजे तोही तापून हरत होता.

मग खालच्या वळणातून जीप वर आली. मागे मेंढ्यांचा ट्रेलर. रस्ता पूर्ण भरलेला.

“डावीकडे झुक!” त्याने सांगितलं. ते मात्र मी ऐकलं.

आम्ही डोंगराच्या अंगाला घुसलो. नेच्याची झुडपं, माती, एक दगड. सायकल अडली आणि तो पुढे फेकला गेला. मी तिच्यावरच आडवी झाले. जीप दोन हातांवर येऊन थांबली होती. ट्रेलरमधल्या मेंढ्या ओरडत होत्या. माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पण मी उभी राहू शकत होते. तो चिखलात बसला होता, डाव्या हाताने उजवा खांदा धरून.

“खांद्याचं, हासळीचं हाड गेलं,” तो म्हणाला. दुसऱ्याच कुणाच्या पेशंटबद्दल सांगावं तसं. “बाकी काही नाही. तुझं डोकं आपटलं का? माझ्याकडे बघ. इकडे बघ.”

मी बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

जीप चालवणारी एक साठीची शेतकरीण होती. तिने पुढच्या सीटवरच्या कुत्र्याला मागे हाकललं, आम्हाला आत घेतलं, आणि गाडी तशीच वर माथ्यापर्यंत चढवली. मग बालाच्या बाजूने खाली. वाटेत एकदाच तो मला मराठीत म्हणाला, “सोड म्हणालो होतो मी.”

“ऐकलं होतं.”

थोड्या वेळाने म्हणाला, “सोडला असतास तर...” वाक्य त्याने पुरं केलं नाही, आणि मीही केलं नाही.

त्या भागातल्या लहानशा हॉस्पिटलात एक्स-रेसाठी बराच वेळ बसावं लागलं. नर्सने चहा आणि चीजचं सँडविच आणून दिलं. त्याचा उजवा हात झोळीत होता, म्हणून मी तुकडे करून दिले. दोन तुकडे खाल्ल्यावर त्याने प्लेट बाजूला केली.

“मँचेस्टरच्या आसपास पाच ठिकाणी नाही म्हणाले,” तो म्हणाला.

“दोन.”

“पाच. तीन तुला सांगितल्या नाहीत. दर वेळी नवा टाय लावून जायचं, मी ज्यांना शिकवलं त्यांच्यातल्याच कुणाला तरी पोस्ट मिळायची, आणि घरी येऊन तुला सांगायचं. नाही जमत होतं.” त्याने माझ्याकडे बघितलं नाही. “तिकडे मला हो म्हणाले. मला वाटलं, आता कुणी मध्ये यायला नको.”

“मी मध्ये येणारी माणूस आहे का?”

मला त्याची कीव आली, आणि रागही तेवढाच राहिला. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, “तू जा. मी येणार नाही. निदान आत्ता नाही.”

“चालेल?” त्याने विचारलं. परवानगी मागितल्यासारखं नाही, खरंच माहीत नसल्यासारखं.

“मलाही माहीत नाही.”

सप्टेंबरात तो गेला. अडीच वर्षं आम्ही महिन्यातून दोनदा भेटत होतो, ट्रेनच्या वेळा सांभाळत. पुण्याहून सासूबाईंची पत्रं यायची. माझ्या नोकरीबद्दल त्यांत एक ओळ नसायची, आणि त्याच्या जेवणाबद्दल दोन पानं. काही महिने वाईट गेले. मी बरोबर केलं का, याचं उत्तर दर वेळी वेगळं यायचं.

नंतर त्याला लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनजवळ कन्सल्टंटची जागा निघाल्याचं कळलं. अर्ज भरण्याआधी तो फॉर्म घेऊन मँचेस्टरला आला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. तो अर्ज जाईपर्यंत आम्ही जमेल तिथे भांडलो. फोनवर, गाडीत, स्वयंपाकघरात. एकदा तर सुपरमार्केटच्या रांगेत, त्याच्या हातात बटाट्यांची पिशवी आणि माझ्या हातात साबणाचे डबे, दोघंही मराठीत मोठमोठ्याने. पुढची म्हातारी बाई वळून वळून बघत होती. “सॉरी,” तो तिला म्हणाला, आणि पुन्हा माझ्याकडे वळला, “हं, बोल. तुझ्या लॅबचं काय म्हणत होतीस?”