झेपेल असा गिअर

आश्विनातलं ऊन साहेबांच्या मागच्या खोलीत थोडाच वेळ येतं. पूर्वेची खिडकी उघडली की ते आधी भिंतीवर पडतं आणि मग हळूहळू उतरून फरशीवर पसरतं. आज मी झाडू घेऊन गेले तेव्हा ते भिंतीवरच होतं, आणि तिथं टांगलेल्या सायकलींच्या सांगाड्यांच्या लांबच लांब सावल्या त्यात पडल्या होत्या. चाकं नाहीत, साखळ्या नाहीत, ब्रेक नाहीत, नुसत्या नळ्यांचे त्रिकोण. एक लाल, एक काळा, आणि एक रंगच न दिलेला, पावसाळी आभाळासारखा. खोलीला अजून त्या तेलाचा वास आहे. शिलाई मशीनच्या तेलासारखाच, पण जरा गोडसर. झाडू हातात धरून मी तशीच उभी राहिले. या सायकली भरलेल्या अंगानं ज्यांनी रोज जवळून पाहिल्या, त्यांनाच हे सांगाडे बघून आत काय हलतं ते कळेल. अशी माणसं आता गावात फार नाहीत. एक साहेब, आणि एक मी.

साहेब मूळचे कामरगावचेच. पुण्याकडे कारखान्यात इंजिनिअर होते. नोकरी संपल्यावर ते बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, घेऊन गावी परतले, तेव्हा ट्रकमधून भांडीकुंडी कमी आणि सायकलीच जास्त उतरल्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले ती तेव्हापासून. गाव सायकली बघायला लोटलं. एकेकीची किंमत बैलजोडीएवढी, असं कुणी म्हणालं, आणि संध्याकाळपर्यंत ती ट्रॅक्टरएवढी झाली. बाई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "पाहून घ्या बाप्पा, पाहून घ्या. ह्या साऱ्या माह्या सवती हायेत." साहेब हसायचे. बाईही हसायच्या, पण त्यांचं हसणं जरा लवकर संपायचं.

साहेबांनी तयार सायकल कधी घेतली नाही. सांगाडा एका ठिकाणचा, चाकं दुसरीकडची, पायडल तिसऱ्याच देशातलं. एक दातेरी चकती निवडायला त्यांना महिनेच्या महिने लागत. कारंज्याहून जीपवाल्यासोबत पार्सल यायचं, आणि साहेब ते देवघरातल्या वस्तूसारखं हळू सोडायचे. चाक कानाशी धरून फिरवायचे, आवाज आवडला नाही तर परत बांधून ठेवायचे. मी चहा ठेवायला गेले की काही ना काही सांगायचे. मी कुणाशी फारसं बोलत नाही, म्हणूनच बहुतेक मला सांगणं त्यांना सोपं जात असावं. पुढची चकती मोठी आणि मागची लहान, तर गाडी पळते पण पायाला जड. पुढची लहान आणि मागची मोठी, तर गाडी हळू पण पायाला हलकी. हे मला लगेच उमगलं. जात्याचा खुंटा मधल्या आसाजवळ असला तर दळताना खांदा भरून येतो, कडेला असला तर हात मोठा फिरतो पण जोर कमी लागतो. साहेब म्हणायचे, गिअर चांगला किंवा वाईट नसतो. कोणता पाय, कोणता रस्ता, एवढंच बघायचं. ही गोष्ट सायकलींची म्हणून त्यांनी सांगितली आणि सायकलींची म्हणूनच मी ऐकली.

त्या बिनरंगाच्या सायकलीवर त्यांचा सगळ्यात जीव होता. ती त्यांनी हिमालयासाठी बांधली होती. तिकडे कुठेतरी रस्ता ढगांच्या वर जातो, तिथं जायचं होतं. तिच्या मागच्या चाकाला त्यांनी इतकी मोठी चकती लावली होती की मला ती आमच्या घरच्या ताटलीएवढी वाटली. या चकतीवर भिंतही चढता येईल, असं ते म्हणायचे. जायचं नक्की झालं होतं. स्वेटर उन्हात घातले होते. त्याच आठवड्यात बाई न्हाणीघरात पडल्या. डावं अंग गेलं.

दवाखान्यातून बाई परत आल्या तेव्हा त्यांची जीभ जड झाली होती आणि डावा पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा मागे ओढत यायचा. उजव्या पायातही पूर्वीचा जोर नव्हता. पण बाईंना सगळ्यात लागलं ते वेगळंच. नाल्याच्या पुलापलीकडे, चढ संपतो तिथं, मळ्यातल्या बाया सकाळी भाजी घेऊन बसतात. बाई रोज तिथं जायच्या. त्यांच्यासारखी घासाघीस गावात कुणी करत नव्हतं. पाव किलो वांग्यांसाठी त्या तीनदा उठून निघून जायच्या आणि तीनदा परत यायच्या. भाजीवाल्या त्यांना शिव्या घालायच्या आणि त्या दिसल्या नाहीत तर विचारायच्या. आता त्यांतलीच एक भाजीवाली दारात येऊ लागली. बाईंनी भाव विचारायच्या आधीच टोपली उतरवायची, निवडून भाजी द्यायची, वर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट ठेवायची. एक दिवस बाईंनी ती जुडी ओट्यावरून खाली लोटली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, पण त्या बोलल्या.

"मी का... भीक मांगून राह्यली?"

भाजीवालीनं जुडी उचलली, पदरानं झटकली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी साहेबांना म्हणाल्या, "मले... बजारात जायचं हाये."

"मी नेतो न तुले. सायकलले मागं सीट लावतो, मस्त गादी टाकतो."

"मी काय... तुरीचं पोतं हाये? माह्या पायानं जायचं हाये."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तीन चाकांचा सांगाडा झाला, मागे दोन चाकं, खुर्चीसारखी बैठक. गिअर एकच, बदलायची सोय नाही. दोन्ही ब्रेक उजव्या हाताला, कारण डावा हात धरत नव्हता. डाव्या पायडलला पट्टा, पाय घसरू नये म्हणून. लाल सायकलचे ब्रेक त्याला गेले, काळीची चाकं गेली. पुढची आणि मागची चकती कोणती लावायची हे ठरवायची वेळ आली तेव्हा साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तू हिच्याच उंचीची हाये. बस बरं जरा."

मी आयुष्यात सायकलवर बसले नव्हते. चौथीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मुलीला सायकल देत नव्हते, तिथंच माझं शिकणं थांबलं. पदर कमरेला खोचून मी बसले. डावा पाय साहेबांनी पट्ट्यात नुसता ठेवायला सांगितला, जोर एकट्या उजव्याचा. अंगणात गल्लीतली पोरं जमली. लाजून मी तोंडाला पदर लावला तर हँडल सुटलं आणि गाडी तुळशीवर गेली. खाटेवरून बाई ओरडल्या, "अवं, तोंडानं... चालवून राह्यली का?" न्हाणीघरात पडल्यापासून पहिल्यांदाच त्या हसल्या होत्या. मग मी नाल्याचा चढ चढून दाखवला. धाप लागली, पण चढले. साहेब खूश झाले. जमलं, म्हणाले.

पण तो गिअर माझ्या पायाला जमला होता. मी दिवसभर उभी राहणारी, पाण्याच्या घागरी उचलणारी बाई. हे ना साहेबांच्या ध्यानात आलं, ना माझ्या. बाई नवं लुगडं नेसून निघाल्या. सपाटीला गाडी बरी चालली. पुलावर चढ लागला तशी ती मंदावली, थांबली, आणि मागे घरंगळायला लागली. मी मागून धरली. बाईंनी दात ओठात रोवून पुन्हा जोर लावला. पायडल हललं नाही. वर, चढाच्या टोकाला, भाजीवाल्या बघत होत्या. त्यांतली एक उठून मदतीला येऊ लागली, तशी बाईंनी मान फिरवली.

मी गाडी वळवली आणि मागून ढकलत घरी आणली. खाटेवर टेकल्यावर बाई हळूच म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांची जीभ अजिबात अडखळली नाही. "इतके वर्स तुमी कोणत्या सायकलले काय झेपते थे पाह्यलं. मले काय झेपते, थे कधी पाह्यलं?"

साहेब दारात उभे होते. चप्पल काढायचीही विसरले होते. मला वाटलं आता ते मागच्या खोलीत निघून जातील, नेहमी जायचे तसे. पण ते आले आणि खाटेपाशी जमिनीवर बसले. बाईंचा उजवा पाय त्यांनी उचलला आणि तळव्याखाली आपला पंजा धरला.

बाई घाबरल्याच. पाय मागे ओढायला लागल्या. "सोडा, पायाले हात नोका लावू. मले पाप लागन."

"लागू दे. लोट."

"कोणी पाह्यलं त..."

"पाहू दे. लोट म्हणतो न."

बाईंनी लोटलं. साहेबांचा हात जेमतेम हलला. "अजून," ते म्हणाले. बाईंनी डोळे मिटून पुन्हा लोटलं. साहेबांनी मग दुसरा पाय घेतला, त्या मेलेल्या पायाखालीही तितकाच वेळ हात धरून ठेवला. मी ताट घेऊन दारापर्यंत गेले होते, तशीच मागे फिरले. आमच्याकडे नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. स्वयंपाकघरात येऊन मी विझलेली शेगडी उगाच पुसत बसले. बराच वेळ त्या खोलीतून "लोट" आणि "लोटलं न" एवढंच ऐकू येत होतं.

त्या रात्री साहेबांनी हिमालयाची सायकल भिंतीवरून उतरवली. सकाळी मी गेले तेव्हा ती ताटलीएवढी चकती तीनचाकीला लागलेली होती. पुढची चकती त्यांनी घरातली सगळ्यात लहान निवडली होती. पायडलचे दांडे त्यांना आखूड हवे होते, म्हणजे बाईंचा गुडघा फार वर उचलावा लागणार नाही. तसे त्यांच्या भारी सामानात मिळेनात. ते गावातल्याच दुकानात, पोराच्या सायकलीचे मिळाले. इतकी वर्षं निवडून निवडून जमवलेलं सामान साहेबांनी एका रात्रीत मोडलं, आणि तरी त्यांच्या चेहऱ्यावर मोडल्यासारखं काही नव्हतं. ढगांच्या वर जायला आणलेली चकती नाल्याच्या चढाला लागली होती. मी ते म्हणूनही दाखवलं. साहेब हात पुसत म्हणाले, "चढ चढच असते. पाय पाहावा लागते."

या वेळी गाडी थांबली नाही. गोगलगाय चालावी तशी चालली, पण मागे आली नाही. बाईंचा पाय गोल फिरायचा, पुन्हा फिरायचा, आणि चाक वीतभर पुढे जायचं. चढाच्या टोकाला पोचल्यावर बाई कितीतरी वेळ नुसत्या श्वास घेत बसल्या. मग त्यांनी वांग्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि भाव विचारला. भाजीवालीनं सांगितला.

"येवढा? किडके... हायेत सारे."

भाजीवालीनं साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाईंकडे. दारात येऊन फुकट जुडी ठेवणारी तीच ती. तिनं कमरेवर हात ठेवला. "किडके असन त नोका घेऊ! सक्काळी सक्काळी माह्या मालाले नाव ठेवू नोका. घ्यायचं त घ्या, नाही त गाडी पुढं करा, गिऱ्हाइकाची वाट अडवून राह्यली!"

बाईंनी खरोखर गाडी पुढे केली. हातभर नेली आणि थांबवली. मागून हाक आली, "बरं, घ्या वो, घ्या! काय बाई हाये!" बाईंनी तोंड फिरवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं अर्धंच तोंड हसू शकत होतं, पण तेवढ्यात सगळं होतं.

तो हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा बाई भाजीला गेल्या. रोज नाही, पण गेल्या. पावसाळ्याच्या तोंडी दुसरा झटका आला, आणि तो त्यांना घेऊन गेला.

आता साहेब एकटे आहेत. मी दोन वेळचं एका माणसाचं करून ठेवते. बाईंची लुगडी त्यांच्या बहिणींनी नेली. बाईंच्या भांड्यांवरची नावं मीच घासून घासून पुसट करत आणली आहेत. माणूस असं थोडं थोडं जातं, आणि आपल्याच हातून जातं. भाजीला साहेब स्वतः जातात, तीनचाकीवर. त्यांचे पाय अजून धडधाकट आहेत. त्या हलक्या गिअरवर ते भिरभिर फिरतात, आणि गाडी मात्र जागची हलल्यासारखी वाटत नाही. शाळेत जाणारी पोरं चालत त्यांच्या पुढे निघून जातात. परवा वेल्डिंगवाला म्हणाला, "साहेब, मागची चकती लहान टाकून घ्या न. कायले इतके पाय हालवता?" साहेब म्हणाले, "राहू दे. बरोबर चालते."

गिअर कसा निवडावा हे त्यांना कुणी सांगायला नको. आपल्या पायाला हा नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी दारातून बघत असते. पुलावर चढ लागतो, मागून बस येते, जीप येते, हॉर्न वाजवतात आणि शेवटी कडेनं निघून जातात. साहेब मान वळवत नाहीत. गाडी बाईंच्या चालीनं वर जात राहते.