डाव्या बाहीच्या रिंगा

ताईची चूक सापडली, यावर माझा विश्वासच बसेना. अख्ख्या गोतावळ्यात लोकरीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा, आणि तिच्याच स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा चांगली रुंद! अकोल्याच्या घरी, भर दुपारी, दिवाणावर बसून मी टाके पुन्हा मोजले. चूक होतीच.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे ताईचं विणकाम बंद पडलं होतं. तिला बघायला अमरावतीला गेले, तेव्हा तिनं अर्धवट स्वेटरची पिशवी माझ्या हाती दिली. "सुनेसाठी हाय. थंडीच्या आत पुरा करून दे." मी मुकाट्यानं घेतली. त्या वर्षी तिला कशालाच नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, कारण मी तिच्यापासून फार मोठी गोष्ट लपवून बसले होते. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. 'मुलाकडे चाललो' असं ताईला सांगून आम्ही नवराबायको नागपूरला गेलो आणि ऑपरेशन करून आलो. आमची आई याच रोगानं गेली. तिचं हगण्यामुतण्यापासून सगळं ताईनं केलं. ताईला ते पुन्हा बघावं लागू नये, तिला कळताच कामा नये, एवढंच मला हवं होतं.

तर तो स्वेटर. मी आयुष्यभर खालून वर विणत आले. पाठ वेगळी, पुढा वेगळा, बाह्या वेगळ्या, मग सगळं शिवायचं. ताई मात्र मोबाइलवर व्हिडिओ बघून गळ्यापासून खाली विणायला शिकलेली. अख्खा स्वेटर एकाच गोल सुईवर, आणि टाक्यांच्या मधे प्लास्टिकच्या चार रिंगा. मला वाटलं, शोभेच्या असतील! मग फोनवर तिनं समजावलं, "त्या रिंगा म्हंजे धुरे समज. पुढा, बाही, पाठ, बाही. रिंगीच्या अलीकडे एक टाका वाढव, पलीकडे एक. रिंग नुसती इकडून तिकडे घ्यायची, हरवायची नाही."

शेताचे धुरे, म्हणजे बांध, म्हटल्यावर लगेच डोक्यात शिरलं. पण डाव्या बाहीचे धुरे भलतेच सरकलेले होते. मोतीबिंदूचा प्रताप, दुसरं काय! उसवायच्या आधी तिला चिडवावं म्हणून मी फोन लावला.

"ताई, म्हातारी झाली वं तू. डाव्या बाहीत टाके जास्त झाले. उसवून राहिली मी."

"हात लावू नको!" ती अशी ओरडली की माझ्या हातून सुईच सुटली.

"काहून?"

"रिंगा बरोबर हायेत. मी मोजूनच टाकल्या."

"सुनेचा एक हात जाडा हाय का?" मी अजून हसतच होते.

"सुनेचा नाही."

मी नकळत पदर डाव्या हातावर ओढला. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून माझा डावा हात सुजलेला असतो. पदर, शाल, काय काय करून मी तो झाकत होते.

"भाचीच्या लग्नात," ताई म्हणाली, "बांगड्या भरताना तू कासारणीपुढं उजवाच हात केला. लग्नात कोणी सवाशीण डावा हात मोकळा ठेवते का? मंग माया घरी तुयं ब्लाउज वाळून राहिलं होतं. एकच बाही उसवून ढिली केलेली. मी वितीनं मोजली. आईचा हात बी असाच सुजला होता, इसरली तू?"

मी विसरले होते. खरंच विसरले होते.

"मंग मलेच काहून विणायले दिला?" मी कसंबसं विचारलं.

"रिंगा पायशीन, तवा तरी बोलशीन म्हणून."

तिला धसका बसू नये म्हणून मी गप्प राहिले, आणि ती त्या लग्नापासून एकटीच तो धसका घेऊन बसली होती. मला विचारायची सोय नाही, कोणाजवळ रडायची सोय नाही. मला माझाच इतका राग आला की फोन फेकून द्यावासा वाटला.

मग ताईचा आवाज एकदम बारीक झाला.

"बरी तं होशीन नं वं?"

धोका टळला, असं डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलं होतं. तिला तेवढंही माहीत नव्हतं.