काकांच्या वाटचं 'हव'

मित्रहो, आज पंडरीच्या कापडबाजारात पँटचं कापड घ्यायले निघालो होतो, पण उन्हानं जीव गेला म्हणून एसीसाठी पिक्चरले घुसलो. कापड राहूनच गेलं.

पिक्चरमधल्या माणसाचं सारं अंग लुळं, बोलणंही बंद. बायको त्याले काही विचारते अन् गप्प थांबते. तो एकदा डोळे मिटतो म्हणजे हो, आपलं 'हव', दोनदा म्हणजे नाही. तिचं ते थांबणं पाहून मले रडूच आलं.

कारण समता कॉलोनीत माझे काका दीड वर्षापासून असेच पडून आहेत. आम्ही विचारतो, "काका, बरे आहात ना?" अन् आम्हीच म्हणतो, "हव, बरे आहेत."

थेटरातून सरळ तिकडेच गेलो. समोर टीव्हीवर सिरियल सुरू होती.

"काका, टीव्ही पाहायचा का? हव असेल तर डोळे एकदा मिटा, नसेल तर दोनदा." अन् थांबलो.

काकू म्हणाली, "पोट्ट्या, काहून छळतो त्यायले? आवडते त्यायले टीव्ही."

काकांनी डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

काकू मटकन खाली बसली. "अवो माय! दीड वर्ष मी लावूनच राहिली?"

मी विचारत गेलो. पंखा? नाही. पाणी? नाही. पलंग दाराकडे फिरवू? डोळे एकदाच मिटले, अन् उघडले तेव्हा ओले होते.

पलंग फिरवला. आता त्यायले रस्ता दिसून राहिला. मी निघालो तेव्हा काकू विचारत होती, "चहात साखर कमी टाकू का जी?" अन् कप हातात घेऊन थांबली होती.

तुमच्या घरी कोणाच्या वाटचं 'हव' तुम्हीच म्हणून टाकता?