कमलचे कौतुक मी केले होते

मित्रहो,

सोनईजवळच्या एका शाळेत मी निवृत्तीनंतरही आठवड्यातून एकदा गणित शिकवते. आज तिथे नववीतल्या एका मुलीच्या आईने विचारले, "बाई, पोर कशी हाय आमची?" मुलगी धाकट्या भावंडांचे आवरून शाळेत येते आणि वर्गात पहिली असते. तरीही उत्तर द्यायला मी कचरले.

बहात्तरच्या दुष्काळात मी याच शाळेत नवी होते. आठवीतली कमल सकाळी खडी फोडून दुपारी वर्गात बसे, आणि तिचे गणित चुकत नसे. तिच्या वडिलांना मी म्हणाले, "ही एकटी घर चालवील, इतकी कर्तबगार आहे."

"मंग शाळा कशाला, बाई? तुमीच म्हनता की."

सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी माझेच वाक्य सांगितले. महिन्याभरात कमलचे लग्न झाले.

विधान खरे होते. निष्कर्ष माझा नव्हता, पण त्याला आधार मीच पुरवला होता.

म्हणून आज एवढेच म्हणाले, "बरी आहे. अजून पुष्कळ शिकायचे आहे तिला."

दाराशी उभ्या मुलीने ते ऐकले आणि मान खाली घातली.

उद्या मुद्दाम जाऊन तिला एकटीला खरे सांगेन. तिच्या आईला मात्र काय सांगावे? तुम्ही काय सांगितले असते?