उडता बॉम्ब आणि माझी दुरुस्ती

माझी पहिली नोकरी एका बॉम्बमुळे जाता जाता राहिली. बॉम्ब जर्मनांचा, दुसऱ्या महायुद्धातला. नोकरी कोथरूडमधली, नव्वदच्या दशकातली. तेव्हा पुण्यात रोज कुठल्या ना कुठल्या बंगल्याच्या तळमजल्यावर सॉफ्टवेअर कंपनीची पाटी लागत होती आणि जर्मन येणाऱ्या मुलींना अचानक भाव आला होता. मी पाच वर्षं हौसेने जर्मन शिकले होते. ‘त्याचं करणार काय?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर द्यायची संधी आता समोर आली होती.

एका छोट्या कंपनीला जर्मनीतल्या एका संग्रहालयाची सीडी करायचं काम मिळालं होतं. जर्मन मजकूर इंग्रजीत आणायचा आणि प्रोग्रॅमर मंडळींना तो समजावून सांगायचा. जागा एक, आणि शेवटी उरलो आम्ही दोघी. दुसरी वारज्याहून यायची. तिचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मला तेव्हाही कबूल होतं. कंपनी चालवणाऱ्या मॅडमनी दोघींना तीच सहा पानं दिली आणि शुक्रवारी फ्लॉपी आणून द्या म्हणाल्या. मला ही नोकरी इतकी हवी होती, की जेवताना घास तोंडापर्यंत जाऊन थांबायचा.

पानं होती वैमानिकाशिवाय उडणाऱ्या बॉम्बबद्दल, व्ही-वनबद्दल. मजकूर रटाळ होता, पण मी तो तीन दिवसांत हातावेगळा केला. एकाच वाक्याला अडले. त्यात लिहिलं होतं, की बॉम्बचा आवाज डोक्यावर चालू असेपर्यंत लंडनचे लोक थोडे निर्धास्त असत आणि आवाज थांबला की त्यांच्या पोटात गोळा येई. मला वाटलं, लिहिणाऱ्याची गफलत झाली. आमच्या घराखाली पिठाची गिरणी होती. ती बंद झाली की अख्खी इमारत सुटकेचा निःश्वास टाकायची. आवाज थांबल्यावर घाबरतं का कुणी? मी वाक्य सरळ फिरवून टाकलं. ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे मजकूर टाइप करून घेतला आणि गुरुवारीच, एक दिवस आधी, फ्लॉपी नेऊन दिली. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

शुक्रवारी सकाळी माझी हस्तलिखित पानं बाबांच्या हाती लागली. बाबा निवृत्त मुद्रितशोधक. जन्म छापखान्यात गेला होता आणि लग्नपत्रिकासुद्धा ते लाल पेन घेऊनच वाचायचे. पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांनी चष्मा लावला.

“हे चालायचं कसं, ते सांग आधी,” ते म्हणाले.

“अहो बाबा, लिहिलंय की सगळं.”

“लिहिलंयस. कळलंय का, ते बघतोय.”

मग मी सांगत गेले. घसरगुंडीसारखी लांब पट्टी, पण चढती. तिच्यावरून वाफेच्या जोराने बॉम्ब हवेत फेकायचे. पाठीवर नळकांड्यासारखं इंजिन. त्याच्या तोंडाशी झडपा. हवा आत आली की झडपा मिटायच्या, आत पेट्रोलचा भडका, मागून झोत. पुन्हा झडपा उघडायच्या. सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा. म्हणून तो फट्‌फट्‌ आवाज. दिशा होकायंत्राच्या भरवशावर.

“आणि लंडन आलं, हे त्याला कोण सांगायचं?”

“नाकावर छोटा पंखा असायचा. तो वाऱ्याने फिरायचा आणि फेऱ्या मोजल्या जायच्या. ठरलेला आकडा भरला की शेपटीच्या पट्ट्या वळायच्या आणि बॉम्ब खाली सूर मारायचा.”

“इंजिनाचं काय तेव्हा?”

“सुरुवातीच्या बॉम्बमध्ये त्या झटक्याने पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायचं नाही. मग इंजिन बंद पडा…”

माझं वाक्य तिथेच राहिलं. बाबांनी लाल पेनाने माझी ओळ दाखवली. “वरून बॉम्ब पडतोय आणि खाली तुझी माणसं निश्चिंत!”

“मूळ वाक्य उलटं होतं. मी दुरुस्त केलं,” मी पुटपुटले.

“अरे वा! जर्मनांचं युद्ध आता कोथरूडहून दुरुस्त होणार.”

मी चप्पल अडकवली आणि मोपेड काढली. कर्वे रस्त्यावरून जाताना एकच विचार होता, की गप्प बसले असते तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण बाबांच्या घरात राहून ते जमणारं नव्हतं.

ऑफिसात मॅडमच्या समोर ती दुसरी बसली होती, नुकतीच फ्लॉपी देऊन. तिच्यादेखतच मी चूक सांगितली. मॅडमनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“आपण भाषांतर करायला आलात की इतिहास सुधारायला?” मग तिच्याकडे वळल्या. “तुम्ही काय लिहिलंत?”

“मुळात होतं तसंच.”

“का घाबरायचे लोक?”

ती गोंधळली. “तसं लिहिलंय ना, मॅडम.”

मॅडमनी तोच प्रश्न मला विचारला. मी पंखा, आकडा, शेपटीच्या पट्ट्या, इंजिनाचं तुटलेलं इंधन, सगळं एका दमात सांगितलं. टेबलावरच्या पेन्सिलीने सूर मारूनही दाखवला.

“आणि आवाज चालू राहिला की बरं का वाटायचं?”

“तो पुढे गेला म्हणून.”

“पुढे कुठे?”

मी पेन्सिल खाली ठेवली. “पुढच्या कुणाच्या तरी घरावर.”

मॅडमनी मान हलवली. “इथे आमच्या प्रोग्रॅमर मुलांना हे चित्रात हलवून दाखवायचंय, त्यांना समजावून सांगणारं कुणी हवं. सोमवारी दहाला या. आणि यापुढे शंका आली की विचारायचं, फिरवायचं नाही.”

आम्ही दोघी बरोबरच जिना उतरलो. तिचं वाक्य बरोबर होतं, माझं चुकलं होतं आणि नोकरी मला मिळाली होती. मी निदान तेवढं तरी म्हणायला हवं होतं. तिने “अभिनंदन” म्हटलं, मी “थँक्यू” म्हटलं. मला खूप, अगदी खूप आनंद झाला होता. ती बसस्टॉपकडे चालत गेली. वारज्याला माझ्या गाडीवरून सोडते, असंही मी विचारलं नाही.