चाकाखालचा चिरा

उतू गेलेल्या दुधाचा करपट वास आला की अजून माझा हात आधार शोधतो. शाळेची जुनी बस घेऊन आम्ही नवरा-बायकोनं तिचं फिरतं घर केलं, तेव्हाची गोष्ट. बस आमच्या कलमांच्या बागेत, उतारावर उभी होती. दूध उतू घालायला सासूबाई आल्या. त्यांना पायरी उंच पडते म्हणून मी मोठ्या हुशारीनं चाकाखालचा जांभ्याचा चिरा काढून दाराशी ठेवला. आम्ही दोघी चढलो, दूध वर आलं आणि बस सरकली. खाली विहीर! मी नुसती किंचाळत राहिले. तेवढ्यात करकरत बस थांबली. याच बसमध्ये वर्षानुवर्षं पोरं सांभाळलेल्या सासूबाईंनी हातब्रेक ओढला होता. "अगो, घर केलंस तरी गाडीच ती! चिरा लाव आधी." तो चिरा आता गावोगाव आमच्याबरोबर असतो, चाकाखालीच. पायरी उंच पडते, पडू दे.